व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेतील एक पुष्प आम्ही गुंफावे, अशी आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा आम्हांस आनंदाबरोबर थोडा संकोचही वाटला. या व्यासपीठावर गेल्या पन्नास वर्षांत प्राध्यापक बोलले, संपादक बोलले, नामांकित साहित्यिक बोलले. आमचा पिंड दुकानदाराचा. या नगरीत चाळीस वर्षे आम्ही सिमेंट, लोखंड आणि खडी विकली. वाचनाचा नाद होता म्हणून मंडळाच्या वाङ्मय शाखेचे काम काही वर्षे पाहिले, एवढाच काय तो साहित्याशी संबंध. अशा माणसाने विषय कोणता निवडावा? पुष्कळ विचार करून आम्ही ठरविले की, ज्या एका थोर पुरुषाच्या ठायी दुकान, ठेकेदारी, शेती, नगरपालिका आणि लेखणी या साऱ्या गोष्टी एकत्र नांदल्या, त्याच्याविषयी बोलावे. ते पुरुष म्हणजे महात्मा जोतीराव फुले.

आपणांपैकी काहीजण मनात म्हणतील, जोतीरावांविषयी नवे काय सांगणार? स्त्रीशिक्षणाचे ते आद्य प्रवर्तक, सत्यशोधक समाजाचे संस्थापक, ‘गुलामगिरी’चे कर्ते. हे शाळेतल्या मुलांसही पाठ आहे. खरे आहे. परंतु जोतीराव उदरनिर्वाह कशावर करीत होते, हा प्रश्न या मुलांस विचारून पाहावा. मुलांनाच कशाला, आम्हांस स्वतःसही तो कित्येक वर्षे सुचला नव्हता. सुधारक म्हटला की तो सुधारणेवरच जगत असला पाहिजे, अशी काहीशी आपली समजूत असते.

आमचे डोळे उघडले ते एका स्वाक्षरीने. १८८२ साली सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी एक लेखी निवेदन सादर केले. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादकत्वाखाली १९६९ साली फुल्यांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले, त्याची एक प्रत आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात आहे. तीत हे निवेदन वाचावयास मिळते. त्याच्या शेवटी नावाखाली जोतीरावांनी आपली ओळख दिली आहे. शाळांचे संस्थापक, ग्रंथकार, समाजसुधारक यांपैकी एकही बिरुद तेथे नाही. तेथे आहे ते एवढेच : व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज. शिक्षणाविषयी सरकारला चार गोष्टी सुनावण्याचा अधिकार कशाने प्राप्त झाला, तर या तीन गोष्टींनी, असेच जणू त्यांस म्हणावयाचे होते. आज आम्ही जे काही सांगणार आहोत, ते या एका ओळीचे विवरण आहे.

प्रथम व्यापारी या शब्दाकडे वळू. फुले हे आडनावच मुळी धंद्यावरून आलेले. मूळचे हे गोऱ्हे घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. पेशवाईच्या अखेरीस पुण्यास येऊन फुलांच्या धंद्यात शिरले आणि त्यावरून फुले म्हणून ओळखले जाऊ लागले. वडील गोविंदराव भाजीपाल्याचे दुकान चालवीत. ११ एप्रिल १८२७ रोजी जन्मलेल्या जोतीरावांची आई ते तान्हे असतानाच वारली. प्राथमिक शिक्षण झाल्यावर त्यांस शाळेतून काढून मळ्यात घातले होते. शेजारचे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांचे मन वळविले म्हणून १८४१ साली ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले आणि १८४७ पर्यंत तेथे शिकले. इंग्रजी शिकलेल्या तरुणापुढे त्या काळी सरकारी नोकरीचा राजमार्ग खुला होता. तो त्यांनी धरला नाही. १८४८ साली बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा घातली आणि पत्नी सावित्रीबाई हिला शिकवून शिक्षिका केले. समाजाच्या दडपणाखाली गोविंदरावांनी १८४९ साली मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. म्हणजे शाळेची जबाबदारी अंगावर आली आणि पाठोपाठ घराचे छप्परही गेले. पुढे काही वर्षे मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेत त्यांनी अध्यापन केले, हे त्यांनी स्वतःच त्या निवेदनात नमूद केले आहे.

१८५२ साली विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारतर्फे शालजोडी देऊन त्यांचा गौरव झाला. शालजोडीने मान मिळतो. चूल पेटत नाही, हे आपण मंडळवाले चांगले जाणतो. शाळांना वर्गण्या होत्या, दक्षिणा फंडातून साहाय्य होते. परंतु १८५७ च्या उठावानंतर मदतीचे हे झरे आटत गेले. दुसऱ्याच्या देणगीवर उभे केलेले कार्य देणगीदाराच्या मर्जीने चालते, हा धडा त्या वर्षांनी त्यांस दिला असला पाहिजे, असे आम्हांस वाटते. त्यानंतरचे जोतीराव आपणांस स्वतंत्र व्यावसायिक म्हणून दिसतात. १८६३ च्या सुमारास धातू ओतण्यासाठी लागणारे साहित्य पुरविण्याचा धंदा ते करीत होते. पुढे ‘पूना कमर्शिअल अँड काँट्रॅक्टिंग कंपनी’ या पेढीशी भागीदार या नात्याने त्यांचा संबंध होता. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल ही कामे त्यांच्या चरित्रकारांनी या संदर्भात सांगितली आहेत. १८७० नंतरच्या दशकात खडकवासल्याच्या धरणाचे बांधकाम चालू होते. त्यास लागणारे साहित्य पुरविण्याचा ठेका जोतीरावांकडे होता. या धरणाच्या जलाशयास फाइफसाहेबांच्या नावाने लेक फाइफ म्हणत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा खडकवासल्याची ही जुनी भिंतही फुटली आणि पुण्यात हाहाकार उडाला, हे आपणांस ठाऊकच आहे.

ज्याने सरकारी कामाला माल पुरविला आहे, त्यास हा धंदा म्हणजे काय हे सांगावयास नको. माल आधी टाकावा लागतो, पैसा मागाहून येतो. मोजमापाच्या वहीत काय चढते हे कारकुनाच्या हाती, बिलावर सही केव्हा होते हे साहेबाच्या हाती, आणि मजूर मात्र आठवड्याच्या बाजाराला दारात उभा. या तिघांच्या मध्ये ठेकेदार. या व्यवहारात माणूस एक तर भ्रष्ट होतो किंवा त्याला राज्ययंत्राचे आतले दर्शन घडते. जोतीरावांना ते घडले. इंजिनियर खात्यातील ब्राह्मण कामगार काय काय लबाड्या करीत, यावर त्यांनी पोवाडाच रचला. ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला आणि तो त्यांनी अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सत्पुरुषांस अर्पण केला, हे सर्वश्रुत आहे. पण दास्याची कल्पना त्यांनी केवळ ग्रंथांतून घेतली नाही. टॉमस पेनचा ग्रंथ त्यांनी वाचला होता, हे खरे. त्याचबरोबर कामावरची मजुरीही त्यांनी जवळून पाहिली होती.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. जोतीरावांची भाषा तिखट आहे. भटशाहीवरील त्यांचे प्रहार वाचताना आपल्या सभासदांपैकी कित्येकांच्या मनाला वेदना होतात. प्रथम वाचले तेव्हा आम्हांसही ती भाषा बोचली. परंतु व्यापाऱ्याच्या वहीत एक नियम असतो. नोंद बोचते म्हणून ती खोडावयाची नाही. ती खरी की खोटी एवढे ताडून पाहावयाचे. त्या काळच्या कचेऱ्या, शाळा आणि न्यायालये यांत कोणत्या वर्गाचा भरणा होता आणि कुणब्याच्या वाट्याला काय येत होते, हे ताडून पाहिले म्हणजे त्यांचा संताप समजू लागतो. आणखी एक नोंद त्याच वहीत आहे. शाळेच्या कामात सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे हे त्यांचे ब्राह्मण मित्र त्यांच्याबरोबर होते. शाळा भरली ती भिड्यांच्या वाड्यात. पुढे १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांच्यावर खटला गुदरला, तेव्हा त्यांना दहा हजार रुपयांचा जामीन राहिले ते जोतीरावांचे स्नेही रामशेठ उरवणे. केसरीकारांचे आणि जोतीरावांचे विचार जुळणारे नव्हते. तरीही संकटाच्या वेळी पेठेतल्या एका व्यापाऱ्याची पत दुसऱ्या पक्षाच्या कामी आली, यातच पुष्कळ काही आले.

आता शेतकरी या दुसऱ्या शब्दाकडे वळू. पुण्याजवळ मांजरी येथे जोतीरावांची सुमारे ६० एकर शेती होती. चरित्रकार सांगतात की, कालव्याचे पाणी आले तेव्हा शेतकरी ते घेण्यास बिचकत होते आणि जोतीरावांनी ते पाणी घेऊन बागायत करून दाखविली. विचार करा, ज्या धरणाला त्यांनी माल पुरविला, त्याच धरणाच्या पाण्यावर ते शेती करीत होते, आणि मळ्यातला माल ज्या पेठेत विकला जाई, त्याच पेठेत ते राहात होते. दगडापासून बाजारापर्यंतची ही साखळी एका माणसाने स्वतःच्या हातांनी तपासली होती.

१८८३ साली लिहिलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ या दृष्टीने वाचला पाहिजे. तो केवळ शेतकऱ्याच्या दैन्याचा विलाप नाही. पाटबंधारे खाते पाणीपट्टी घेते, पण पिकाला वेळेवर पाणी मिळेल याची हमी देत नाही, ही तक्रार त्यात आहे. साहेब लोकांचे भरमसाट पगार कोणाच्या घामातून निघतात, हा सवाल आहे. आणि शेवटी उपाय आहेत. लष्करातील व पोलिसांतील रिकाम्या हातांकडून डोंगरउतारावर ताली आणि बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी जमिनीत मुरत जाईल. नदीनाल्यांतला आणि तलावांतला गाळ शेतकऱ्यांस नेऊ द्यावा. जागोजाग पाण्याचे झरे शोधावेत. उत्तम जातीची मेंढरे-बकरी आणावीत. शेतमालाची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत. आज आपण पाणलोट विकास म्हणून ज्याचा गौरव करतो, त्यातल्या कित्येक कल्पना तेथे सांपडतात. या कल्पना ग्रंथालयात बसून सुचणाऱ्या नव्हेत. गाळ म्हणजे काय, भिंत कोठे झिरपते आणि चारीच्या टोकाच्या शेतापर्यंत पाणी का पोचत नाही, हे पायांनी हिंडलेल्या माणसालाच सुचते.

या ग्रंथाचे काही भाग ‘दीनबंधु’ पत्रात प्रसिद्ध झाले आणि मग संपादकांनी पुढचे छापण्याचे थांबविले. हे संपादक कोणी परके नव्हते. ते होते जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे, ज्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणीकामगारांची संघटना उभी केली. आपल्याच माणसाने हात आखडता घेतला तरी जोतीरावांनी लेखणी खाली ठेवली नाही. त्यांनी तसे का करू शकले, याचे उत्तर पुन्हा पेठेतल्या धंद्यात आहे. त्यांचे अन्न कोणा संपादकाच्या, कोणा संस्थानिकाच्या किंवा कोणा खात्याच्या पगारावर अवलंबून नव्हते. त्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले, ते नाकारले गेले आणि त्यांच्या हयातीत छापलेही गेले नाही. बक्षिसावर जगणारा लेखक तेथेच संपला असता.

या ठिकाणी, आपण ज्या मुलखात राहतो त्यास धरून एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात झाली. त्याच्या पाठीशी उभे राहिलेल्यांत मुंबईतील तेलुगू भाषक ठेकेदार मंडळी अग्रभागी होती. रामय्या व्यंकय्या अय्यावारू, जाया कराडी लिंगू, व्यंकू बाळोजी काळेवार ही नावे समाजाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा येतात. मुंबईच्या इमारती ज्यांच्या कामगारांनी उभारल्या, ती ही माणसे. समाजाला छापखाना मिळवून देण्यातही त्यांचा हात होता. आपण मराठी माणसे या तेलुगू मुलखात येऊन राहिलो, येथे दुकाने थाटली, येथे आपले मंडळ पन्नास वर्षे चालले. त्याच्या किती तरी आधी तेलुगू मुलखातली माणसे मुंबईस जाऊन राहिली आणि मराठी विचाराला त्यांनी बळ दिले. हे देणे आपण विसरता कामा नये. जोतीरावांशी त्यांची ओळख कोठे वाढली असेल? जातीच्या पंगतीत नव्हे आणि भाषेच्या सभेतही नव्हे. कामाच्या, मालाच्या आणि पैशाच्या देवघेवीतून माणूस माणसास ओळखू लागतो, असा आमचा तरी चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

तिसरा शब्द, म्युनिसिपल कमिशनर. १८७६ ते १८८३ या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. सरकारने नेमलेला सभासद म्हणजे मान डोलावणारा, असा त्या वेळचा रिवाज. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या आगमनानिमित्त एक हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला. या पैशाचा गरिबांच्या मुलांच्या शिक्षणाकडे अधिक चांगला उपयोग होईल, असे सांगून विरोधी मत देणारे जोतीराव एकटेच होते. दारूच्या दुकानांच्या वाढत्या परवान्यांविरुद्ध त्यांनी १८८० साली नगरपालिकेच्या अध्यक्षांस पत्र लिहिले. पुण्यात मोठ्या खर्चाची मंडई बांधण्याचा बेत निघाला, तेव्हाही जोतीराव आणि हरी रावजी चिपळूणकर यांनी प्राथमिक शिक्षणाची आठवण करून देऊन विरोध केला. मंडई झाली, १८८६ साली ती उघडली आणि गव्हर्नर रे यांचे नाव तीस मिळाले. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तीच मंडई महात्मा फुले मंडई झाली. ज्या इमारतीच्या खर्चास त्यांनी हरकत घेतली, तिलाच आपण त्यांचे नाव दिले! भाजीवाल्याच्या मुलाचे नाव मंडईला शोभते, यात संशय नाही. पण त्यांच्या हरकतीचे काय झाले, हे विचारण्याचे आपण विसरलो.

या सर्व हरकतींचे सूत्र एकच आहे, आणि तेच हंटर आयोगापुढील निवेदनाचेही सूत्र आहे. सरकारच्या तिजोरीत पैसा जमा होतो तो मुख्यतः शेतकऱ्याच्या कष्टातून. आणि शिक्षणखात्यात तो खर्ची पडतो वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर. जमा एकाची आणि नावे दुसऱ्याची, अशी ही खतावणी. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. शाळेत मोडी व बाळबोध लेखनवाचन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरण यांची तोंडओळख, शेतीविषयक माहिती, नीती आणि आरोग्य शिकवावे, असे सुचविले. आणि मास्तर कसा असावा? शक्यतो शेतकरी वर्गातला, गरज पडल्यास नांगर किंवा सुताराचे हत्यार हाती धरावयास न लाजणारा. हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसलो. त्याचे कारण सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी याच मंडळात आमचे पहिले भाषण होते. परिचय करून देणाऱ्या सद्‌गृहस्थांनी विचारले, “आपला व्यवसाय काय सांगू?” आम्ही म्हटले, “दुकानाचा उल्लेख नको. वाङ्मयाचे अभ्यासक एवढेच म्हणा.” त्यांनी तसे म्हटले. त्या दिवशी दुकानात तीन माणसे कामाला होती. खडी भरणाऱ्या हमालांच्या घामावर आमची पुस्तके विकत घेतली जात होती. पुढे बसलेल्या श्रोत्यांत आमचे गिऱ्हाईकही होते. त्यांच्यासमोर आम्ही आमच्या अन्नाची ओळख नाकारली. ही चूक कोणी आम्हांस करावयास लावली नव्हती. लेखणी म्हणजे प्रतिष्ठा आणि तराजू म्हणजे पोटभरूपणा, हा संस्कार आमचाच होता.

जोतीरावांनी तराजू आणि लेखणी यांत असा भेद केला नाही. मात्र पैसा हेच त्यांचे साध्य कधी नव्हते, हेही तितकेच खरे. १८६३ साली त्यांनी आपल्या घराजवळ बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसलेल्या विधवांनी तेथे यावे, बाळंत व्हावे आणि मूल ठेवून जावे, अशी सोय केली. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत यास १८७४ साली दत्तक घेतले. १८६८ साली घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. २ मार्च १८८८ रोजी हरी रावजी चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली, तेव्हा उंची पोशाख परवडणारा हा व्यापारी शेतकऱ्याच्या वेषात गेला आणि खरा हिंदुस्थान खेड्यांत आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात लोकांनी त्यांस महात्मा ही पदवी दिली.

आणि त्यानंतर दोन महिन्यांतच पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांनी डाव्या हाताने लिहून पुरे केले. ते छापून निघाले १८९१ साली, त्यांच्या निधनानंतर. आजारात धंदा बसला आणि घरात पैशाची चणचण भासू लागली. मामा परमानंदांनी १८९० साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून जोतीरावांच्या कुटुंबासाठी साहाय्य मागितले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांची प्राणज्योत मालवली. धरणाला आणि इमारतींना माल पुरविणाऱ्या ठेकेदाराच्या घरी अखेरीस शिल्लक उरली नाही. धंदा बुडाला म्हणून उरली नाही असे नव्हे. मिळविलेले सारे शाळांत, अनाथांत आणि समाजकार्यात गेले. सावित्रीबाईंनी त्यांच्यामागे सहा वर्षांहून अधिक काळ काम पाहिले आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना त्याही गेल्या.

बंधुभगिनींनो, या चरित्राचा आपल्या सुवर्णमहोत्सवाशी काय संबंध, असे कोणी विचारील. आम्हांस तो फार जवळचा वाटतो. ही स्मरणिका निघेल, तिची निम्मी पाने आपल्या व्यापारी सभासदांच्या जाहिरातींची असतील. त्या पैशावर उरलेल्या पानांत आपले लेख छापले जातील. जाहिरातदार मागच्या पानांवर आणि लेखक पुढच्या पानांवर, ही रचना आपण पन्नास वर्षे चालविली. त्यात कोणाचा अपमान करण्याचा हेतू नव्हता. परंतु धंदा म्हणजे मंडळाचा खजिना आणि साहित्य म्हणजे मंडळाचा आत्मा, अशी वाटणी आपोआप होत गेली. परिणामी आपल्या व्यापाऱ्यांनी लिहिले नाही, आणि आपल्या लेखकांना बाजार, कारखाना, कामगार यांची ओळख राहिली नाही.

दुसरी गोष्ट अधिक तातडीची आहे. सुवर्णमहोत्सवी निधीतून सभागृहास भव्य प्रवेशद्वार बांधावे, असा एक प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. द्वाराला लागणारे सिमेंट आणि लोखंड आमच्याच दुकानातून जाण्याचा संभव असल्याने या बाबतीत आमचा स्वार्थ विरोध करण्यात नाही, हे आधीच सांगून ठेवतो. परंतु माल पोचविण्याच्या निमित्ताने या नगरीच्या चोहोबाजूंच्या बांधकामांवर आमचे जाणे होते. तेथे मराठवाड्यातून आलेली कुटुंबे पत्र्याच्या खोपटांत राहतात. आईबाप विटा वाहतात. मुले आमच्या ट्रकभोवती जमतात आणि आपसांत मराठी बोलतात. त्यांतली कित्येक कोणत्याच शाळेत जात नाहीत. काम संपले की कुटुंब दुसऱ्या जागी जाते. आपल्या सभागृहाची पायरी यांतल्या एकाही मुलाने चढलेली नाही. मराठी भाषेच्या भवितव्याविषयी आपण येथे परिसंवाद भरवितो, त्या वेळी हे भवितव्य तीन-चार मैलांवर वाळूच्या ढिगावर खेळत असते.

१८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी दिवसा राबणाऱ्या माणसांसाठी रात्रीची शाळा काढली होती. आपल्या सभागृहात सायंकाळी सातनंतर आठवड्यातले चार दिवस दिवे लागत नाहीत. त्या चार दिवसांत एक वर्ग चालू करावा. अक्षरओळख मराठीतून, हिशेब मराठीतून आणि येथल्या व्यवहारासाठी तेलुगूही शिकवावी. प्रवेशद्वार दोन वर्षांनी झाले तरी चालेल. कार्यकारिणीत हा विषय निघेल तेव्हा मत कसे द्यावे, हे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. फक्त नगरपालिकेच्या त्या सभेत एकट्याने विरोधी मत देणाऱ्या सभासदाची आठवण त्या वेळी ठेवावी, एवढेच मागणे आहे. वर्गाच्या फळ्याचा, पाट्यांचा आणि दिव्यांचा पहिल्या वर्षाचा खर्च आमच्या दुकानाने उचलावा, असे आम्ही घरी बोलून ठरविले आहे.

शेवटी संपादकांस एक विनंती. हे भाषण स्मरणिकेत छापावयाचे झाल्यास आमच्या नावाखाली परिचय द्यावा लागेल. तेथे वाङ्मयाचे अभ्यासक असे छापू नये. बांधकाम साहित्याचे व्यापारी, एवढेच छापावे. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्हीच खोडून घेतलेला हा शब्द आता जागच्या जागी परत यावा, अशी इच्छा आहे.